आत्याच्या नाकातली काच

आत्या, मला तुझी माफी मागायची आहे की तुझ्याशी भांडायचं आहे, हेच मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझं तेरावं उरकून मी सांगलीला परत आले. शाळेत दोन दिवस तास घेतले. तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला आणि पुन्हा जतची एस.टी. धरली. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "आता कोण?" मी म्हटलं, "तीच आत्या." त्यांना काही उमजलं नाही. मला तरी कुठं उमजलं होतं.

गेली आठ वर्षं मी एक गोष्ट मनात घेऊन वावरले. तुझ्या नाकातला हिरा हा हिरा नसून काच आहे, असं मी भरल्या घरात, तुझ्या सासऱ्यांसमोर ठासून सांगितलं होतं. तो खडा तुला तुझ्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या मामांनी दिलेला. मामा त्याच्या तीन वर्षं आधीच गेलेले, म्हणजे खुलासा करायला माणूसही नाही. आणि आता, तू गेल्यावर, मला कळतं की तो अस्सल हिरा आहे. मग एकच प्रश्न उरतो, आणि त्यानं मला दोन दिवस नीट जेवू दिलं नाही. तुला हे माहीत होतं का? नसेल, तर माझ्या शहाणपणापायी तू आठ वर्षं मामांना भोळसट समजत जगलीस आणि तशीच गेलीस. असेल, तर तू मला एका शब्दानं का नाही सांगितलंस?

तुला शेवटची अंघोळ घातली तेव्हा मी तिथं होते. बायकांनी तुझ्या अंगावरचं काय काय उतरवलं. उतरवायला होतं तरी काय, एक पितळेचं कडं आणि नाकातला तो खडा. मळ बसून मुगबट घट्ट झालेलं. आपल्या पाटणकडं आपण त्याला चमकी म्हणतो, पण तू जतकडं आल्यावर तिकडचाच शब्द उचललास. तुझ्या धाकट्या जाऊबाईंनी, शेवंताआत्यांनी, तेलाचं बोट लावून ते हळूच फिरवलं. अगदी हळू, जणू तुला दुखेल. मग माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "हे तू ने, सुमे." शेजारची म्हातारी म्हणाली, "न्हेऊ दे की. काच तर हाय." मी मान खाली घातली. ती काच ठरवणारी मीच होते, आणि गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मामांनी तो खडा आणला तेव्हा मी सातवीत होते. ते पलटणीबरोबर हैद्राबादला होते, तिथं एका म्हाताऱ्या जवाहिराकडून घेतला असं सांगायचे. तू तो घालून माहेरी आलीस. पाटणच्या आमच्या घरात भर पावसाळ्यात उजेड तो केवढा, पण तू चुलीपुढं बसलीस की तुझ्या नाकाच्या डाव्या बाजूला जाळ दिसायचा. मी सारखी तुझ्या डावीकडं येऊन बसायचे. आई ओरडायची, "तिच्या नाकात काय बघतीस, ताटात बघ." तू हसायचीस, आणि हसलीस की तो आणखी हलायचा.

हे मी मुद्दाम आठवून लिहिते आहे. कारण पुढं मी जी परीक्षा घेतली, त्या वेळी मला हे आठवायला हवं होतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं विसरले आणि पुस्तकातलं धरून बसले.

मामा गेले तेव्हा तुझं कुंकू, डोरलं, बांगड्या, जोडवी, सगळं रीतीप्रमाणं गेलं. तू हूं की चूं केलं नाहीस. पण नाकाला हात लावायला आल्या तेव्हा तू म्हणालीस, "नाक पिकलंय, आत्ता नगं." मग महिनाभरानं म्हणालीस, सूज आहे. मग म्हणालीस, फिरकी अडकलीय. तीन वर्षं तू नाक पुढं करून वेळ काढलास. तुझे सासरे, आबा, वाईट माणूस नव्हते. मेंढरांशी आणि सुनांशी एकाच आवाजात बोलायचे, पण दोन्हीकडं माया होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की हिरा विधवेच्या नाकात शोभत नाही, धाकट्या सुनेच्या नाकात जाऊ दे. सवाष्णीचं लेणं सवाष्णीकडं. गावात कुणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही फारसं दिसत नव्हतं. तुझ्याकडं मामांचं दुसरं काय उरलं होतं, हा विचार मी तेव्हा केलाच नाही. पोरबाळ नाही, आणि पत्रं तर तू दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचीस.

मग तो मे महिना, मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा. मी चार दिवसांसाठी तुझ्याकडं आले होते, बऱ्याच वर्षांनी. सांगलीच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायला लागून चार वर्षं झालेली, त्यामुळं जगात मला न समजणारं फारसं काही नव्हतं. ओसरीवर आबा, धाकटे मामा, शेवंताआत्या, शेजारचे दोन-तीन जण, सगळे बसलेले. तू पदराची गाठ सोडलीस आणि खडा माझ्या हातावर ठेवलास. नुसता खडा, कोंदणातून निघालेला.

"सैल झालाय," तू म्हणालीस. "आबा म्हनत्यात, जतला सोनाराकडं न्यावा, अस्सल हाय का बगावं, आन धाकटीच्या नाकात बसवावा. मी म्हनलं, सोनार त्येच्या सोयीचं सांगंल. आपली सुमी शाळंत उजेडाचंच शिकवती. तिला दावू."

आबा म्हणाले, "व्हय गं, बग जरा. तुज्या पुस्तकात काय म्हनत्यात ते सांग."

माझी छाती फुगली, आत्या. शिकलेल्या पोरीला भर ओसरीवर मान मिळत होता. मी खडा उन्हात धरला. मेलेला दिसला. ना चमक, ना रंग, धुतलेल्या मिठाच्या खड्यासारखा. मग मी सांगलीहून आणलेल्या गुळाच्या ढेपेवरचा कागद मागवला, वर्तमानपत्राचा. तो सपाट पसरला, छापील मजकुरावर खडा ठेवला आणि वरून बघितलं. अक्षर दिसलं. जरा वाकडं, पण वाचता येण्याजोगं.

मी फळ्यापुढं उभी राहिल्यासारखी बोलायला लागले. हिऱ्यात शिरलेला उजेड आतल्या आत आपटतो आणि परत वर येतो, खालच्या वस्तूपर्यंत जातच नाही. म्हणून हिऱ्याखालचं अक्षर कधी वाचता येत नाही. काचेखालचं येतं. हे येतंय. अर्थात ही काच आहे. त्यावर पूर्ण आंतरिक परावर्तन हा शब्दही मी टाकला. ओसरीवर कुणाला तो कळला नाही आणि त्यामुळंच सगळ्यांना पटला.

एक गोष्ट मात्र मी बरोबर केली होती. मी म्हटलं, आणखी खात्री करू, हिरा काचेवर ओढला की ओरखडा उठतो. घरात काच म्हणजे मामांचा दाढीचा आरसा. मी खुंटीवरून तो काढायला उठले तर तू आडवी आलीस. "त्येच्यावर चरा नगं. त्येंचा हाय." मी कंदिलाच्या काचेकडं हात केला. "ती फुटली तर दुसरी आनायला जतपातुर कोन जाईल?" मला वाटलं, बिचारी, नवऱ्याच्या आरशाला जपते आहे. मी खाली बसले. पदार्थविज्ञानाची शिक्षिका, हातात पुरावा असताना खाली बसले.

मग तू विचारलंस, "म्हंजी त्येंनी मला काच दिली व्हय गं?"

हा तुझा आवाज मला आजही ऐकू येतो. डोळ्यात पाणी होतं तुझ्या. मी गडबडले. म्हटलं, मामांना कुणीतरी फसवलं असेल, त्यांना काय माहीत. आबांनी कपाळाला हात लावला. "येडं माजं पोरगं. पार हैद्राबादला जाऊन काच आनली." आणि जरा वेळानं म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग तिच्याच नाकात. भोक तरी बुजायचं न्हाई." बायका नाकाचं भोक बुजू नये म्हणून झाडूची काडी घालून ठेवतात, तशी ही काच. काडीला कुणी लेणं म्हणत नाही, म्हणून ती विधवेला चालते. तू गावातल्या लाखेनं खडा कोंदणात चिकटवलास आणि पुन्हा नाकात घातलास. त्या दिवसापासून तुझ्या नाकाचं नाव कुणी काढलं नाही.

मामांचं मात्र काढलं. गावात कुणी बाजारातून फसून आला की "हैद्राबादी हिरा आनला का रं?" असं म्हणायची पद्धतच पडली. मी पुढच्या दिवाळीला आले तेव्हा पाणवठ्यावर ते ऐकलं आणि घागर तशीच टाकून घरी आले. तू म्हणालीस, "मनावर घिऊ नगंस. मेलेल्याला काय टोचतंय." मी म्हटलं, तुला टोचतं की. तू म्हणालीस, "मला टोचतंय का न्हाई ते माजं मी बगीन." मला वाटलं, तू मला हे कधी माफ करणार नाहीस.

तेव्हापासून मी दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात येत गेले. दुष्काळात टँकरमागं घागर घेऊन तुझ्याबरोबर पळाले. सांगलीची हळद, गूळ, तुझ्या गुडघ्याला तेल, काय काय आणलं. एकदा मी विषय काढला होता, आठवतं? तू ज्वारी पाखडत होतीस. मी म्हटलं, "आत्या, मी तेव्हा बोलायला नको होतं." तू सूप थांबवलं नाहीस. म्हणालीस, "बोललीस ते बरं झालं." मी म्हटलं, बरं कसं? खरं कळून कुणाचं भलं झालं? तू म्हणालीस, "सुमे, तुला सगळं इस्कटून बगायची लय खोड." आणि दुसरंच काही बोलायला लागलीस. ते भांडण तिथंच राहिलं. मी रुसून बसले, तू मला भाकरी वाढलीस, आणि मी ती खाल्ली.

आता सांगलीचं सांगते. तुझं मुगबट आणल्यावर मला वाटलं, लाख काढून नीट बसवून घ्यावं, निदान पडायला नको. सराफ कट्ट्यावर खड्यांचं काम करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडं गेले. जाताच म्हटलं, "काच आहे, पण आठवण म्हणून जपायची आहे." त्यांनी लाख खरवडली, खडा मोकळा केला, पुसला, त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली. वाफ धरली नाही, लगेच उडाली. भिंग लावून बघितलं. म्हणाले, "बाई, काच कुणी सांगितलं?"

मी सांगितलं, असं कसं म्हणू. म्हटलं, "घरात तसं बोलतात."

"हिरा आहे. जुना आहे, चांगला आहे."

आत्या, तुला ठाऊक आहे मी कशी आहे. आनंद व्हायच्या आधी मी वाद घालायला लागले. म्हटलं, शक्यच नाही, याच्यातून अक्षर वाचता येतं. ते हसले नाहीत. त्यांनी एका पुडीतून तांदळाएवढा नवा हिरा काढला, तुझ्या खड्याशेजारी वर्तमानपत्रावर ठेवला, आणि म्हणाले, "वाचा." तुझ्या खड्याखालचं अक्षर वाचता आलं. नव्याखाली नुसता पांढरा-काळा लखलखाट, अक्षराचा पत्ता नाही. "दोन्ही हिरेच आहेत," ते म्हणाले. "अक्षर झाकणं हे हिऱ्याच्या जातीवर नसतं, घाटावर असतं. पैलू कसे पाडलेत त्यावर."

मग त्यांनी मला समजावलं, जसं मी मुलींना समजावते. नवा हिरा भोवऱ्यासारखा असतो, वर पसरट, खाली टोक. वरून शिरलेला उजेड खालच्या एका तिरक्या बाजूवर आपटतो, तिथून समोरच्या बाजूवर, आणि तिथून उलटा वर, बघणाऱ्याच्या डोळ्यात. टोक फार उथळ पाडलं की उजेड खालून गळतो. फार खोल पाडलं की बाजूनं निसटतो आणि हिरा मधोमध काळा पडतो. कारागिराचं सगळं कसब त्या उतारात. "आणि हा बघा," ते तुझा खडा चिमट्यात धरून म्हणाले, "पातळ आहे, खाली सपाट. टोक काढायला जाडीच नव्हती. उजेड वरून आला आणि खालून गेला. त्याला अडवणार कोण?"

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. हा कोन मी दरवर्षी फळ्यावर काढते, आत्या. किरण पुरेसा तिरका पडला तरच आतून परत फिरतो, सरळ पडला तर बाहेर निघून जातो. नववीतल्या मुलीला हे लिहिता आलं नाही तर मी तिचे गुण कापते. आणि तुझ्या ओसरीवर मी तळाला सपाट असलेला खडा सपाट कागदावर ठेवला, आणि त्याच्या उताराचा विचारही केला नाही. पुस्तकात हिरा म्हटलं की चित्र टोकदार हिऱ्याचंच असतं. मी चित्राची परीक्षा घेतली आणि तुझ्या खड्याला नापास केलं.

पण मग मला चुलीपुढचा जाळ आठवला. मी विचारलं, "हा पूर्वी चमकायचा. मी पाहिलाय. सपाट आहे तर तेव्हा कसा चमकायचा?"

"डाक असणार मागं," ते म्हणाले. डाक म्हणजे खड्याच्या पाठीशी घालायचा चांदीचा पातळ चकचकीत पत्रा. जुने कारागीर पातळ हिऱ्याला टोक काढता येत नाही म्हणून मागं डाक घालायचे आणि बंद कोंदणात बसवायचे. खालून निसटणारा उजेड ती परतवायची. त्यांनी रिकामं कोंदण भिंगाखाली धरलं. बराच वेळ बघत राहिले. "होती की. कडेला कण राहिलेत अजून. पण ही आपोआप गेलेली नाही. खरवडून काढलीय. हे बघा, आडव्यातिडव्या रेघा. सोनार असं काम करत नाही. नवी डाक घालून देऊ?"

मी म्हटलं, आत्ता नको. मुगबट घेतलं आणि बाहेर आले. दुपारी दोनचं ऊन होतं, आणि मी घराच्या उलट्या दिशेला कृष्णेपर्यंत चालत गेले, मग लक्षात आलं. खरवडली कुणी? आबांनी? त्यांना तर हिरा हवा होता. तू? तू मामांच्या आरशावर चरा येऊ दिला नाहीस, तू त्यांच्या हिऱ्याची पाठ खरवडशील? मला काही केल्या जुळेना. एकदा वाटलं, तुला सगळं ठाऊक होतं. मग तुझा तो आवाज आठवला, "त्येंनी मला काच दिली व्हय गं?" आणि वाटलं, छे, असं कुणाला सोंग करता येतं का. मला दोन्ही खरं वाटायचं, आणि दोन्ही वाटलं की तुझा राग यायचा. म्हणून एस.टी. धरली.

शेवंताआत्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी येणार हे त्यांना अपेक्षित असावं, कारण का आलीस असं विचारलं नाही, पाणी दिलं. मी पिशवीतून मुगबट काढून त्यांच्या सुपात ठेवलं. म्हटलं, "शेवंताआत्या, हा हिरा आहे. खरा. मी चुकले होते. हा तुमच्याकडं यायला हवा होता."

त्यांनी मान वर केली नाही. "म्हाईत हाय," म्हणाल्या.

"कधीपासून?"

"आदीपासनं." त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "ती डाक मीच काडली. बाभळीच्या काट्यानं. खडा काडला, आतलं खरवडलं. ती करत व्हती पैलं, पर डोळ्यात पानी, तिला काय दिसंना. मग मी म्हनलं, दे हिकडं."

मामांनी लग्नानंतर तुला सांगून ठेवलं होतं म्हणे, मागच्या चांदीला पाणी लागू देऊ नको, ती गेली की खडा आंधळा होतो. हैद्राबादच्या जवाहिरानं त्यांना सांगितलेलं. म्हणजे उजेड कुठून येतो आणि कशानं परत फिरतो, हे तुला माझ्या आधी ठाऊक होतं. तू त्याला नाव दिलं नव्हतंस एवढंच.

मी विचारलं, "पण तुम्ही का? हिरा तुम्हालाच मिळणार होता."

"तिच्या नाकातला काडून माज्या नाकात घालनार. रोज तिच्या म्होरं मी भाकरी थापनार. मला सोसलं असतं व्हय?" त्या पहिल्यांदा माझ्याकडं बघत म्हणाल्या. "मी आबांस्नी सरळ नगं म्हनू शकत न्हवते. ती बी न्हाई. मग ती म्हनली, सुमी मे म्हैन्यात येनार हाय."

"मग मला सांगायचं. मी आबांना काच आहे असंच सांगितलं असतं."

शेवंताआत्या हसल्या. "म्या बी तेच म्हनलं. ती म्हनली, सुमीला खोटं बोलता येत न्हाई. लगीच तोंड पडतं. तिला खरं वाटलं तरच ती ठासून बोलती, आन ती ठासून बोलली तरच आबा ऐकनार. तू कागद मागिवलास तवा माजा जीव खालीवर. आरसा मागितलास तवा तर मी देवच आठवला."

मला राग आला, आणि हसूही आलं. तू मला तोलून मापून वापरलंस, आणि माप बरोबर होतं. मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "ती रडत होती. मामांनी काच दिली का, असं विचारत होती. तेही ठरलेलं होतं?"

त्यांचा हात थांबला. "ते न्हवतं ठरल्यालं. ते मला बी म्हाईत न्हाई, पोरी. मी तिला कवा इचारलं न्हाई. भावजींना लोक हसायची तवा मातुर ती देवापुढं दिवा लावून त्येंची माफी मागायची, ते मी ऐकलंय."

म्हणजे टोचत होतं तुला. तू माझ्यापाशी कबूल केलं नाहीस, मामांपाशी केलंस.

मी म्हटलं, "आबांना जाऊन चार वर्षं झाली. मग तरी मला सांगायचं. मी इतकी वर्षं स्वतःला खात बसले."

मुगबट सुपातल्या टरफलांत गेलं होतं, शेवंताआत्यांनी ते शोधून माझ्या हातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटली. "दर खेपंला म्हनायची, औंदा सांगते. तू यायच्या आदल्या दिशी बी म्हनायची. मग तू गेलीस की म्हनायची, नगं. त्या दिसापासनं पोरगी दर सुट्टीला येती, आदी तीन-तीन सालं फिरकत न्हवती. म्हनायची, शेवंते, सांगून मोकळी झाले तर यायची बंद हुईल."

मी तोंड उघडलं. नाही, मी आलेच असते, असं म्हणणार होते. शेवंताआत्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मग मी सुपातल्या मूठभर शेंगा घेऊन फोडायला बसले.

आले असते का मी, आत्या? तू ओळखत होतीस तशीच मी आहे, खरं वाटल्याशिवाय मला बोलता येत नाही. मला माहीत नाही.